खिडकी क्रमांक चार

९ जून

प्रिय मामा,

नमस्कार. पत्राला उशीर झाला, कारण हल्ली लिहायला बसलं की आधी चिडचिडच बाहेर येते. आईला सांगितलं तर ती म्हणते, मग सोड ना ती नोकरी. तुला फोन करून उपयोग नाही. तुला ऐकू येत नाही, आणि मामी मधे बसून माझ्या अर्ध्या वाक्याचं स्वतःचं अख्खं वाक्य करून तुझ्या कानात ओरडते. म्हणून सगळं कागदावर.

तू विचारलं होतंस, त्या ताऱ्यात एवढं बघण्यासारखं काय आहे. तर ऐक. एखादा भलामोठा तारा फुटून संपला की त्याचा गाभा स्वतःच्याच वजनाने असा काही दाबला जातो, की सूर्याहून जड ऐवज एका शहराएवढ्या गोळ्यात मावतो. तो न्यूट्रॉन तारा. माझा सेकंदाला दोनशे वेळा स्वतःभोवती गरगरतो. त्याच्या अंगावर दोन तापलेले डाग आहेत. ते समोर आले की क्ष-किरण वाढतात, मागे गेले की कमी होतात. त्या चढउतारावरून आणि त्या किरणांच्या जातीवरून ताऱ्याची त्रिज्या काढायची, एवढंच माझं काम. त्रिज्या कळली की आतला माल किती दाबता येतो ते कळतं. तसला माल जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत तयार होत नाही, म्हणून हा सगळा आटापिटा. आणि क्ष-किरण हवेतून खाली येत नाहीत, म्हणून तुमची दुर्बीण वर, अवकाशात.

तुमची हे मुद्दाम म्हटलं. तिच्या किरण मोजणाऱ्या सात डिटेक्टरांच्या तोंडावरच्या सातही खिडक्या तू बसवल्यास, हे मी इथे येईल त्याला ऐकवते. मी शाळेत असताना तू त्या खिडक्यांच्या फिल्मची, उजेड अडवून क्ष-किरण आत सोडणाऱ्या त्या पापुद्र्याची, एक कातरण दोन काचांमध्ये धरून दाखवली होतीस आणि म्हणाला होतास, शिंकलीस तर गेली. मी नाक दाबून बसले होते.

आता रडगाणं. सहा डिटेक्टर म्हणतात, ताऱ्याची त्रिज्या साडेबारा किलोमीटर. चौथा म्हणतो, पंधरा. तीन वर्षं झाली, तो हेका सोडत नाही. चौथा थोडं जास्त दाखवतो हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. त्याचा स्वभावच तसा म्हणून सगळे त्याच्या आकड्यातून ठरावीक हिस्सा वजा करून मोकळे झाले. इतरांच्या ताऱ्यांना ते खपून गेलं. माझा तारा थंडगार, त्याचे क्ष-किरण अगदी मऊ, अशक्त. नेमके तेच चौथ्यात वाजवीपेक्षा जास्त येतात. आमचे प्रमुख रोज खोलीच्या दारात उभे राहून विचारतात, "काय म्हणतोय चौथा?" एक दिवस मी त्यांच्या अंगावर कीबोर्ड फेकणार आहे.

गंमत म्हणून विचारते, चौथी खिडकी बसवताना तिला काही बोलला होतास का रे? फार लागलंय तिला.

आणि पत्र जरा नीट लिही. मागचं वाचताना डोळे गेले. कागदावर मुंग्या चालल्यात असं तुझं अक्षर झालंय.

तुझ्या डोक्याला लावलेला,
भुंगा


२३ जून

प्रिय भुंगा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मामीने आधी वाचलं आणि मग मला दिलं. कीबोर्ड फेकू नये असा तिचा निरोप आहे.

इथे सगळं ठीक. गच्चीला ओल आली होती म्हणून गवंडी बोलावला. त्याने जिथे ओल नव्हती तिथे फोडून ठेवलंय. आता चार दिवस तो फिरकलेला नाही. मामीचा गुडघा जसा होता तसा आहे. माझे कान गेले ते बरंच झालं असं ती म्हणते, आणि ते मला नेमकं ऐकू येतं.

तुझ्या चौथ्याचं म्हणशील तर इतकं काय मनाला लावून घ्यायचं? सात भावंडांत एखादं तऱ्हेवाईक निघतंच. त्याला बाजूला ठेव आणि सहांवर काम कर. आमच्या वर्कशॉपमध्ये एखादं माप जुळेना झालं की आम्ही मापाचं यंत्र बदलायचो, डोकं बदलायचो नाही. खिडक्या सातही सारख्या होत्या. तपासनीसांनी भिंगातून पाहून सह्या केल्या होत्या. ते किती कडक होते हे तुला माहीतच आहे. आता ते नाहीत, पण त्यांच्या घरच्या वहिनी दर आठवड्याला मामीकडे येऊन बसतात.

अक्षराचं म्हणालीस ते पेनमुळे. हल्लीची पेनं भिकार झालीत.

तुझा,
मामा


३० जुलै

प्रिय मामा,

चौथ्याला बाजूला ठेव म्हणे. ठेवला ना! निबंध लिहून मासिकाकडे पाठवला, आणि परीक्षकाने तिथेच मान धरली. तो विचारतो, चौथा का वगळला? तो बाकीच्यांशी जुळत नाही, एवढंच कारण असेल तर तुम्ही हवं ते उत्तर येईपर्यंत आकडे वेचताय. कशावरून चौथा खरा आणि सहा खोटे नाहीत? आणि मामा, त्याचं बरोबर आहे, हेच जास्त झोंबतं. सहा जण एकीकडे म्हणून ते खरे, असं आमच्याकडे चालत नाही. सातही सारखे असतील तर चौथ्याला हाकलायचा मला अधिकारच नाही.

आता घोडं अडलंय ते असं. फेब्रुवारीत माझी नेमणूक संपते. निबंध छापून आला तर ती वाढेल, नाहीतर घरी. नोव्हेंबरपासून माझा तारा सूर्याच्या इतका जवळ दिसणार, की दुर्बीण तिकडे वळवताच येत नाही, जळून जाईल. म्हणजे काय मोजायचं ते तोवर मोजायचं, काय सिद्ध करायचं ते असलेल्या आकड्यांतून.

म्हणून मी मुळापासून सुरुवात केली. तळघरातल्या कपाटातून खिडक्या बसवल्याची मूळ नोंदवही काढली. शिंकून शिंकून जीव गेला. आणि तिथे तुझं अक्षर! काय सुंदर होतं रे, छापल्यासारखं. "खिडक्या सात. सातही ठरलेल्या जाडीच्या. बदल नाही." खाली तुझी सही, शेजारी तपासनीसांची. मी त्या पानाचा फोटो भिंतीवर लावलाय.

काल दुर्बिणीच्या समितीपुढे एकाने शंका काढली, की तेरा वर्षांपूर्वीची हाताने लिहिलेली वही, तिच्यावर किती विश्वास ठेवायचा. मी ताडकन उभी राहिले. म्हटलं, हे लिहिणारा माझा मामा आहे. त्याने "बदल नाही" लिहिलं म्हणजे बदल नाही. खिडकी सोडून दुसरं काहीही तपासा. आता आम्ही सगळे मिळून डिटेक्टरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मागे लागलोय. तिथेही काही सापडत नाही, ती गोष्ट वेगळी.

तू तुझ्या कामाचा असा गाजावाजा कधी केला नाहीस. दुर्बीण वर गेल्यावर तर तू स्वतःहून टेबल सोडून स्टोअरला गेलास, खिळे मोजत बसलास. आई अजून त्यावरून बडबडते. म्हणून तुझ्या वाटचं मीच बोलून आले.

भुंगा


१४ ऑगस्ट

भुंगा,

पत्र मिळालं.

माझ्या शब्दावर कुठल्याही समितीत काहीही टांगत जाऊ नकोस. मी मागितलं नव्हतं. भिंतीवरचं पानही काढून टाक. जुन्या वह्या या जुन्या वह्या असतात.

गवंडी आला होता. ओल तशीच आहे.

मामा


२० सप्टेंबर

प्रिय मामा,

तुझं चार ओळींचं पत्र वाचून मी दोन दिवस फणफणत होते. एखाद्याने कौतुक केलं तर माणूस बरं म्हणतो. तू अंगावर धावून आलास. असला कसला नम्रपणा? तरीही लिहितेय, कारण दुसरं कुणाला लिहू?

निबंध परत आला. या वेळी कायमचा. दोन महिने डिटेक्टर चारची एकेक तार तपासली, त्याचं तापमान तपासलं, त्याच्यासाठी लिहिलेली प्रत्येक ओळ पुन्हा लिहिली. सगळं ठणठणीत. प्रमुखांनी काल बोलावून घेतलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. चहा मागवला, तेव्हाच मी ओळखलं. म्हणाले, या ताऱ्याचा नाद सोड. फेब्रुवारीपर्यंत जुन्या निरीक्षणांची यादी नीट लावण्याचं काम आहे, ते कर. यादी! तीन वर्षं एका ताऱ्यामागे घालवली आणि आता मी फायलींना नावं देत बसायचं.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? कारण असणार. कुठेतरी साधं, शेंबडं कारण असणार आणि ते मला दिसत नाही. माझ्यातच काही कमी आहे असं आता वाटायला लागलंय. आई म्हणते, तुझं डोकं पहिल्यापासून उलटं. पहिल्यांदाच मला तिचं पटतंय.

खोलीतली पुस्तकं खोक्यांत भरायला घेतलीत. तू तरी धड काही लिही. गवंड्याचं नको.

भुंगा


२७ सप्टेंबर

प्रिय भुंगा,

पुस्तकं खोक्यातून काढ.

या पत्राबरोबर रजिस्टर पार्सल येईल. त्यात पत्र्याची डबी आहे. डबीत कापसात दोन काचा आहेत, त्यांच्यामध्ये एक कातरण. काचा उघडू नकोस आणि शिंकू नकोस. ही चौथ्या खिडकीची कातरण. कडेने फिल्म कापल्यावर उरलेला तुकडा मी प्रत्येक खिडकीचा ठेवला होता. बाकीच्या सहा सारख्या आहेत. ही नाही.

दुर्बीण जुळणीला पाठवायची त्या दिवशी चौथी खिडकी फाटली. कड्यावर गोंद लावून फिल्म ठेवत होतो आणि तपासनीस दार उघडून आत आले. हवेचा झोत आला आणि ती गेली. ठरलेल्या जाडीची फिल्म संपली होती. नवी यायला महिना लागला असता आणि बाहेर गाडी उभी होती. कपाटात आधीच्या चाचण्यांतली एक उरली होती. ती बसवली. हातात घेतल्यावरच कळलं की हलकी, पातळ आहे. पण दिव्यासमोर धरली तर उजेड अडत होता, आणि मला वाटलं, खिडकीचं काम उजेड अडवायचं. वहीत "बदल नाही" लिहिलं.

मी अडाणी माणूस. तिच्यातून तुझे मऊ किरण जास्त येतील आणि त्याने तारा फुगेल हे मला कुठे माहीत? तू जूनमध्ये लिहिलंस तेव्हा कळलं. लगेच कळलं. तुझं पत्र वाचून मी उठून गच्चीवर गेलो आणि ओल बघत उभा राहिलो.

चार महिने गप्प बसलो. त्याला काही कारण देत नाही.

मामा


२ नोव्हेंबर

मामा,

पार्सल नीट पोहोचलं. उत्तराला महिन्याहून जास्त वेळ लागला, कारण आधी लिहिलेली तीन पत्रं पाठवण्याच्या लायकीची नव्हती.

कातरण क्ष-किरणांसमोर धरून मोजली. ठरलेल्या जाडीच्या दोन तृतीयांश भरली. ती जाडी हिशेबात घातली आणि सातही डिटेक्टरांचे आकडे नव्याने काढले. साडेबारा. सातही. त्या दिवशी दुपारी मी खुर्चीत बसून राहिले आणि मला आनंद झालाच नाही. मला तुझा राग आला. अजून आहे.

तेरा वर्षांचं मी समजू शकते. गाडी उभी होती, माणूस घाबरतो. पण जूनपासून? मी तुला विचारलं होतं, मामा. थट्टेत का होईना, नेमकं तेच विचारलं होतं. तू मला गवंडी सांगितलास. मी समितीपुढे छाती पुढे काढून उभी राहिले आणि तू म्हणालास, पान काढून टाक. मी खोकी भरत होते. लहानपणापासून मी जगात कुणाचं काही डोळे मिटून खरं मानलं असेल तर तुझं. आता ते कुठे ठेवू?

असो. अहवाल दिलाय. तू सांगितलंस तसंच लिहिलं, तपासनीसांनी दार उघडल्यामुळे फिल्म फाटली हेही. या दुर्बिणीवर अशक्त किरणांचं काम केलेल्या चाळीसएक निबंधांना आता दुरुस्ती लागणार. चाळीस निबंधांचे लेखक मला रोज पत्रं पाठवतात आणि कुणीही अभिनंदन लिहीत नाही. प्रमुख म्हणतात, माझी नेमणूक वाढेल. संस्थेतून कुणीतरी तपासनीसांच्या घरी जुन्या डायऱ्या मागायला जाणार आहे.

आणखी एक. पुढच्या दुर्बिणीच्या खिडक्या वर्कशॉपमध्ये सुरू झाल्यात. प्रमुखांनी नोंदवहीचं पान बदललंय. काय बसवलं एवढंच आतापर्यंत विचारत होते. आता काय बिनसलं हेही विचारणार. ते म्हणाले, पहिला फॉर्म चौथ्या खिडकीचा असू दे, आणि तिच्या कारागिरानेच भरू दे. कोरा फॉर्म सोबत आहे. भरायचा की नाही ते तू ठरव. मी आता तुझ्या वतीने काही बोलणार नाही.

भुंगा


२९ नोव्हेंबर

प्रिय भुंगा,

तुझा राग वाचला. तो बरोबर आहे, त्यातला एक शब्दही कमी करू नकोस.

मागच्या आठवड्यात मंगळवारी वहिनी आल्या. एरवी थेट आत मामीकडे जातात, या वेळी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. संस्थेचा माणूस डायऱ्या घेऊन गेला होता आणि जाताना काय झालं ते सांगून गेला होता. मला ऐकू येत नाही हे त्यांना माहीत आहे. पिशवीतून कागद काढला आणि त्यावर लिहून माझ्यापुढे सरकवला, "यांनी दार उघडलं होतं का?"

मी मामीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. मग त्यांच्याच पेनने खाली लिहिलं, "नाही."

वहिनींनी ते वाचलं. बराच वेळ वाचलं. कागद घडी करून पिशवीत ठेवला, मामीच्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा न घेता गेल्या. या आठवड्यात आल्या नाहीत.

तुझा अहवाल दुरुस्त करावा लागेल. तुला पुन्हा तोंडघशी पाडलं. फॉर्म सोबत आहे.

मामा


वस्तू: खिडकी क्रमांक चार.

बसवणारा: मी. तेव्हा वर्कशॉपमध्ये कारागीर, नंतर स्टोअर, आता निवृत्त.

ठरल्याप्रमाणे काय झालं नाही: फिल्म फाटली. तिच्याऐवजी पातळ फिल्म बसवली आणि वहीत "बदल नाही" लिहिलं.

कारण: माझा उजवा हात थरथरला. दार उघडलं नव्हतं. खोलीत मी एकटा होतो, तपासनीस जेवायला गेले होते. हात त्याआधी वर्षभर अधूनमधून थरथरत होता. कात्रीला चालायचं, चिमट्याला चालत नव्हतं. कळलं असतं तर टेबल काढून घेतलं असतं. दुर्बीण गेल्यावर मीच सोडलं आणि स्टोअर मागून घेतलं. पेनाचा दोष नव्हता.

तपासणाऱ्याची चूक: नाही. ते परत आले तेव्हा सातही खिडक्या जागेवर होत्या. त्यांनी मला विचारलं, सगळं ठीक? मी हो म्हणालो. त्यांनी सही केली.

त्या वेळी कुणाला सांगितलं: कुणालाही नाही. घरीही नाही. बायकोला मंगळवारी सांगितलं. ती म्हणाली, हात तिला केव्हापासून दिसतोय.

पुन्हा होऊ नये म्हणून सूचना: खिडक्या बसवणाऱ्याला दर महिन्याला हात पुढे करायला सांगावं. हात थरथरला तर त्याला घरी पाठवू नये, दुसरं काम द्यावं आणि चिमटा दुसऱ्याकडे द्यावा. हे आधीच सांगून ठेवावं, म्हणजे तो हात लपवणार नाही.

सही:

(भुंगा, ही फॉर्मची तिसरी प्रत आहे. मामी कोपऱ्यावरून झेरॉक्स काढून आणते. पहिल्या दोन अक्षर खराब आलं म्हणून फाडल्या. ही अशीच पाठवतो.)